"तिकडे जाऊ नकोस": लंडन, शिकागो, नागपाडा आणि आपलं अकोले

प्रत्येक मोठ्या शहरात एखादा भाग असा असतो, की त्याचं नाव निघालं की घरातली मोठी माणसं आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "तिकडे जाऊ नकोस." हे वाक्य येतं कुठून, त्याचा आज माग काढू या.

मी अकोले तालुक्यातला. विदर्भातलं अकोला नव्हे, आपल्या नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. बारावीनंतर पहिल्यांदा मुंबईला निघालो, तेव्हा काकांनी एसटी स्टँडवर बजावलं होतं, "नागपाडा, फोरास रोड, कामाठीपुरा... तिकडे फिरकायचं नाही." चार वर्षं मुंबईत काढली, पण मी त्या रस्त्यांवर पाय ठेवला नाही. बसच्या खिडकीतून जे दिसायचं तेवढंच. रंग उडालेल्या इमारती, अंधारे लाकडी जिने, दारात उभ्या असलेल्या बायका, भंगाराचे ढीग. तेवढ्यावरच मी मत बनवून टाकलं.

असं मत बनवणारा मी काही पहिला नव्हे. १८८९ मध्ये चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीचा नकाशा छापायला सुरुवात केली. त्यात प्रत्येक रस्त्याला रंग दिला होता. श्रीमंतांना पिवळा, आणि सगळ्यात खालच्या थराला काळा. काळ्या रंगापुढे खुलासा होता, की ही माणसं दुर्गुणी आणि अर्धी गुन्हेगार. म्हणजे बघा, मोजायला निघाले होते गरिबी आणि शिक्का मारला स्वभावावर! पुढे नकाशा सुधारायचं ठरलं, तेव्हा बूथ यांची माणसं गल्लोगल्ली पुन्हा फिरली, आणि सोबतीला असायचे त्या त्या भागातले पोलीस. बूथ यांचं काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पोलिसाबरोबर गल्लीत शिरलं की गल्ली कशी दिसणार, हे सांगायला नको.

आता शिकागो. तिथे १८८९ मध्येच जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघी स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत स्वतः राहायला गेल्या आणि त्यांनी 'हल हाऊस' सुरू केलं. १८९५ मध्ये तिथल्या रहिवाशांनी आपल्या आसपासच्या वस्तीचे नकाशे छापले. बूथ यांचंच तंत्र, तसेच रंग. पण या नकाशांनी दोन साधे प्रश्न विचारले: इथली माणसं मूळची कुठल्या देशातली, आणि त्यांना आठवड्याला मजुरी किती मिळते? स्वभावाचा रकानाच नाही. तीच घाण, तीच दाटी, पण पाहणारा तिथेच राहायला आल्यावर प्रश्न बदलले.

आणि ही शिकागोची वाट थेट नागपाड्यात येते. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागो विद्यापीठात शिकलेले गृहस्थ १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. हे तेच मिशन, ज्याचं काम आपल्या नगर शहरात १८३१ पासून सुरू होतं. मॅन्शार्टनी नागपाड्यात 'नेबरहूड हाऊस' उघडलं. १९३६ मध्ये त्याच इमारतीत समाजकार्य शिकवणारी शाळा सुरू झाली, जी आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून आपल्याला माहीत आहे. म्हणजे काका मला जिथे जाऊ नको म्हणाले, तिथे जाऊन वस्ती कशी समजून घ्यायची याचं शिक्षण या देशात सुरू झालं होतं.

पण हे सगळे बाहेरून आलेले. आत जन्म काढलेला माणूस काय सांगतो? इथे मला आमच्याच तालुक्यात परत यावं लागतं. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे, जन्म १९३५ चा. त्यांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. लहानपणाचा मोठा काळ त्यांनी नागपाड्याजवळच्या कावाखान्यात काढला. एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं, मध्ये कसला तरी आडोसा. बाया दिवसभर रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड वेचायच्या आणि विकायच्या. काही जणी शेजारच्या कोठ्यांवरच्या बायकांचे कपडे धुवायच्या, त्यांना भाकरी करून द्यायच्या. दारू, जुगार, मारामाऱ्या, काहीच त्यांनी लपवलेलं नाही. त्यामुळे काका खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही.

पण खिडकीतून मला दिसलेला भंगाराचा ढीग आठवा. तो कुणाच्या तरी घरातल्या चुलीचा हिशोब होता. आणि ती चूल कुठून आली होती? आमच्या बाजूच्या गावांतून, घाट उतरून.

ती माणसं गाव सोडून का गेली, हे पुस्तकाच्या नावातच आहे. गावात महारांनी सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि बदल्यात खळ्यावर मिळेल ते बलुतं घ्यायचं. हक्काचं म्हणायचं, पण देणाऱ्याच्या मर्जीवर. कायद्याने हे वतन गेलं १९५८ मध्ये. त्याच्या आधी कितीतरी जण कावाखान्यासारख्या ठिकाणी पोचले होते. तिथे घाण होती, गुंड होते, पण संध्याकाळी हातात रोख पैसे पडायचे. बसमधल्या माणसाला जो भाग भीतीचा वाटतो, तो तिथे राहणाऱ्याला एका गोष्टीतून सुटल्यासारखा वाटत असू शकतो. हे कुठल्याच रंगात दाखवता येत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ही सांगताना मला थोडं जड जातंय. 'बलुतं' वाचून संपवलं त्या रात्री आठवलं, की "तिकडे जाऊ नकोस" हे वाक्य मी एसटी स्टँडवर पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. ओढ्यापलीकडे पोरं विटी-दांडू खेळत होती, मी निघालो, आणि आजीने हाक मारली, "तिकडे जाऊ नकोस." ओढ्यापलीकडे महारवाडा होता. तिथे ना चाकू होता, ना खिसेकापू. वाक्य मात्र तेच. आणि माणसंही बहुधा तीच, आधी गावाच्या कडेला, मग शहराच्या.

गेल्या वर्षी मी नागपाड्यात गेलो, दिवसाउजेडी, पायी. सोबतीला ओढ्यापलीकडचा माझा शाळेतला मित्र होता. त्याचे आजोबा तिथे हमाली करायचे. मला जुन्या इमारती दिसत होत्या, तो मात्र नळ कुठे होता, खानावळ कुठे होती, गावाकडची माणसं कुठे जमायची ते आजोबांकडून ऐकलेलं सांगत चालला होता. तासाभरात तो भाग माझ्यासाठी वेगळाच झाला.

तुमच्याही शहरात असा भाग असेल. तिकडे कुणाची माणसं राहतात, आणि ती कुठल्या गावाहून आली, एवढं एकदा घरात विचारून बघा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर कळवा.