चाकरमान्याचा गणपति आणि त्याचा खर्च

नाताळचा सण युरोपांत येतो तो धान्य घरांत आल्यावर. पीक कापून झालेलें असतें, कोठारें भरलेलीं असतात, हिवाळ्याची बेगमी झालेली असते, आणि त्या भरल्या घरांत सण उतरतो. कोंकणांतला गणपति याच्या अगदी उलट वेळीं येतो. आषाढांत लावणी उरकते, श्रावणांत भाताच्या खाचरांत हिरवें सोनें डोलूं लागतें. परंतु तें सोनें अजून दाण्याचें नसतें. गेल्या वर्षींचें भात मात्र रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुतेक कुळांच्या कणगींत तोंवर तळाला गेलेलें असे. नव्या भाताची कापणी व्हावयाला अवकाश, जुनें सरलेलें, आणि अशा रिकाम्या कणगीवर भाद्रपद शुद्ध चतुर्थी येऊन उभी राही. गरिबाच्या घरीं हा सण कसा पार पडे, याचा इतिहास हा पुष्कळसा रत्नागिरी आणि मुंबई यांच्या व्यवहाराचाच इतिहास होय.

सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ पासून जें रूप आलें त्याचे प्रवर्तक लोकमान्य टिळक हे जन्मानें रत्नागिरीचेच. तथापि रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत गणपति हा मुख्यत्वें घरचाच राहिला. मुंबई-पुण्याच्या मंडपाचा खर्च वर्गणीवर भागतो. घरच्या गणपतीची वर्गणी कोणाकडे मागावयाची? तो खर्च घरधन्यालाच सोसावा लागे.

मात्र जुन्या काळीं या खर्चाला रोकड फार थोडी लागे, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. मूर्ति ज्या कारखान्यांत होते त्याला कोंकणांत गणपतीची शाळा म्हणतात. घरचा पाट आधींच शाळेंत नेऊन द्यावयाचा, चतुर्थीच्या सुमारास नारळ, विडा आणि ऐपतीप्रमाणें दक्षिणा ठेवून मूर्ति त्याच पाटावर डोक्यावरून घरीं आणावयाची. मूर्तीची घासाघीस करणें कमीपणाचें मानीत. त्यामुळें गरिबाची लाज राही आणि मूर्तिकारालाही सधन घरांतून कांहीं अधिक मिळे. मूर्तीवरची आरास बाजारांतून आणीत नसत. छताला टांगलेल्या माटवीला रानांतले वेल, कांगुणीचे घोस, कवंडळें, सुपारीचा शिपटा, आंब्याचे टाळे, परसांतलें तवसें आणि नारळ. गौर म्हणजे रानांत माजलेला तेरडा. ऋषिपंचमीची भाजी तर बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेली असावी असा नेमच. म्हणजे परसांतलें अळूं, भेंडा आणि कंद यांचीच ती होई. मोदकाचें पीठ घरच्या तांदळाचें, चव घरच्या नारळाची. पावसाळ्याच्या अखेरीस कोंकणची भूमि जें फुकट देते त्यावरच हा सण रचिला आहे, असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

रोकड लागे ती गुळाला, तेलाला, कापराला, पोरांच्या अंगांतल्या नव्या सदऱ्याला. गूळ घांटावरून येई आणि वाण्याच्या दुकानांतून उधारीनें घ्यावा लागे. आरत्या-भजनांस घरोघर फिरणाऱ्या मंडळींस पूर्वीं खिरापतीवर वाटेला लावतां येई. पुढें चहा आला, आणि चहाबरोबर साखर आली. या एका पेल्यानें गरिबाच्या सणाचा हिशेब जेवढा वाढविला तेवढा मोदकांनीं कधीं वाढविला नसेल! शिवाय कणगीच रिकामी असेल तर मोदकाचा तांदूळ तरी घरचा कोठून? तोही विकत. खोताचा अर्धेलीचा वांटा देऊन जें उरे त्यावर कुळाचें वर्ष निघत नसे, ही गोष्ट उघड आहे. आणि म्हणूनच घरांतला एक तरी पुरुष मुंबईस असे.

सरकारी गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांवरचा भाग १८८० सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळींच पलटण, पोलीस आणि मुंबईची मजुरी यांवर जिल्ह्याचें पोट चालत असल्याचें त्यांत दिसतें. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापसाच्या गिरणीची स्थापना केली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागांत कोंकणच वसलें. १९२१ च्या खानेसुमारींत जन्मानें रत्नागिरीचे असलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबईंत आढळले. तेव्हां आजचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघालेला नव्हता. तो निघाला १९८१ सालीं. मुंबईंत चाकरी करणारा तो चाकरमानी, हें नांव त्याला गांवानेंच दिलें, आणि त्या नांवांत कौतुक जितकें तितकीच अपेक्षाही भरलेली होती.

पोस्टाची मनीऑर्डर हिंदुस्थानांत १८८० सालीं सुरू झाली. तत्पूर्वीं पैसा गांवीं जाणाऱ्या विश्वासू माणसाच्या कनवटीला जाई. मनीऑर्डरीनें ती काळजी मिटली, परंतु एक नवी गोष्ट घडली: मुंबईहून किती आले हें पोस्टमनला, आणि म्हणून गांवाला, कळूं लागलें. फॉर्मच्या खालच्या कुपनावर चार ओळी लिहावयाला जागा असे. त्या चार ओळींत वाण्याचे किती द्यावे, गुळाची ढेप केवढी आणावी, आईला लुगडें घ्यावें कीं पुढच्या वर्षावर ढकलावें, असा सगळा संसार बसवावा लागे. ज्यांना लिहितां येत नसे ते दुसऱ्याकडून लिहवून घेत, आणि दुसऱ्याकडून लिहवितांना माणूस आपली अडचण सहसा सांगत नाहीं.

अडचण कोठें असे? पहिली अडचण पगाराच्या तारखेची. गिरणीचा पगार महिना भरल्यावर लगेच हातीं येत नसे. पुढचा महिना निम्मा होत येई तेव्हां तो मिळे. पगार इंग्रजी तारखेनें होई आणि चतुर्थी तिथीनें येई. ती कधीं ऑगस्टच्या अखेरीस, कधीं सप्टेंबरच्या मध्यावर. तिथि पगारानंतर आली तर ठीक. आधीं आली तर कमावलेला पैसा गिरणीच्या तिजोरींत, आणि कामगार सावकाराच्या दारांत. महिन्याभराच्या कामाचें वेतन येणें असूनही सणासाठीं कर्ज काढावें लागावें, हा प्रकार विलक्षणच होता. १९३६ च्या वेतन कायद्यानें मोठ्या कारखान्यांना दहाव्या दिवसाच्या आंत पगार देणें भाग पाडलें, तेव्हां ही अडचण थोडी सैल झाली.

दुसरी अडचण व्याजाची. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२१ व १९२२ सालीं कामगारांच्या संसारखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे त्या कचेरीचे प्रमुख होते, आणि अहवाल १९२३ सालीं निघाला. २,४७३ कुटुंबें आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचे हिशेब त्यांत घेतले आहेत. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ति ५२ रुपये ४ आणे ६ पै. तींतील निम्म्याहून अधिक नुसत्या अन्नावर जाई. आणि शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत होतीं. दर रुपयास दर महिना एक आणा हा व्याजाचा नेहमींचा भाव. एक आणा ऐकावयास लहान वाटतो. परंतु चतुर्थीसाठीं वीस रुपये काढले तर महिन्याचें व्याज सवा रुपया झालें, आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत पंधरा रुपये नुसत्या व्याजापायीं भरूनही मुद्दलाचे वीस जसेच्या तसे उभे! शेंकडा ७५ टक्क्यांचा हा दर होय. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या फाटकाशीं काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार हा त्या काळच्या गिरणगांवांतला सर्वांच्या परिचयाचा देखावा होता.

व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूर कमिशननें १९३१ सालीं आपला अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जांत आहेत, आणि पुष्कळांचें कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे, असा त्याचा अंदाज होता. आणि लग्नें व सण हें कर्जाचें मोठें कारण म्हणून त्यानें दाखविलें. हें म्हणणें खरें असलें तरी अर्धेंच खरें आहे. सणाचें कर्ज डोळ्यांत भरतें, कारण तें एकदम काढावें लागतें. खाणावळीची उधारी, आजारपणाचे खाडे, गिरणी बंद पडल्याचे दिवस यांचें कर्ज थोडें थोडें सांचतें आणि दिसत नाहीं. वर्षांतून एकदां घरीं मोदक करणाऱ्यावर उधळेपणाचा ठपका ठेवणें सोपें. त्याच्या अकरा महिन्यांचा हिशेब पाहणें कठीण.

गरिबांचा सण आणि सावकार ही जोडी कांहीं एकट्या कोंकणची नव्हे. एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या कामकऱ्यांतही नाताळच्या हंसाची हीच पंचाईत होती. तेथें त्यांनीं हंस-मंडळें काढलीं. गुत्त्यावर दर आठवड्याला कांहीं पेन्स जमा करावयाचे, आणि नाताळला प्रत्येकानें आपला हंस घेऊन जावयाचें. कॉनन डॉइल यांच्या १८९२ सालच्या एका शेरलॉक होम्स-कथेंत असल्याच एका मंडळाच्या हंसाच्या पोटीं चोरीचें रत्न निघतें. गिरणगांवांतल्या चाकरमान्यांची योजना याहून निराळी नव्हती, पण तिचा पाया गुत्त्याऐवजीं गांव हा होता. एकेका गांवच्या मंडळींनीं चाळींत एकेक खोली भाड्यानें घेतलेली असे. पाळ्यांनीं कामावर जाणारे पुष्कळ पुरुष त्या एका खोलींत आळीपाळीनें निजत, भाडें वांटून घेत आणि दर महिन्यास गांवकीचा फंड भरीत. कोणी भिशी लावी. जेवण खाणावळवालीकडे, तेंही पगारापर्यंत उधार. ह्या बायांचें नांव कोणत्या अहवालाच्या मुखपृष्ठावर नाहीं. परंतु चाकरमान्याची मनीऑर्डर वेळेवर गेली ती पुष्कळदां त्यांनीं आपले पैसे आठ दिवस थांबविले म्हणून. त्यांना स्वतःला सावकाराशिवाय भांडवल मिळूं लागलें तें फार उशिरां. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांच्यासाठीं बँकांचें दार उघडलें.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्यांना अपार नफा झाला तेव्हां मालकांनीं वर्षाकांठीं बोनस देण्यास आरंभ केला. कामगाराच्या हातीं एकरकमी पैसा येण्याची ही पहिलीच सोय. जुनें देणें फेडावयाचें तें त्यांतूनच. १९२३ सालचा बोनस नाकारला गेला आणि जानेवारी १९२४ मध्यें मुंबईच्या गिरण्या थांबल्या त्या मार्चपर्यंत. कामगारांना बोनस मिळाला नाहीं. १९२८ चा संप याहून मोठा. एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या आरंभीं मिटला. सुमारें दीड लाख कामगार त्यांत होते. त्या वर्षींची चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे पांच महिने एकही पगार न होतां आली. संपांत अनेक चाकरमानी गांवींच परतले होते. गणपतीला माणूस घरीं होता, मनीऑर्डर नव्हती. गांवच्या शेतीनें संपकऱ्याला खाऊं घातलें, असें गिरणगांवच्या इतिहासांत सांगतात. तें खरेंच, पण त्या शेतीचें पोट भरण्यासाठीं मुंबईचा पैसा लागत असे, हें त्याबरोबर सांगितलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानें निराळाच प्रसंग आणला. या किनाऱ्यावर तुटीचा तांदूळ पुष्कळसा ब्रह्मदेशाहून येई. ज्या देशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ सालीं मरेपर्यंत रत्नागिरींत स्थानबद्ध होता, त्याच देशाच्या तांदळाचा आधार रत्नागिरीला असावा, हा योगायोग चमत्कारिक आहे. मार्च १९४२ मध्यें रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि तो तांदूळ थांबला. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. आतां रुपया असूनही तांदूळ आणि साखर मिळण्याची शाश्वति राहिली नाहीं. मोदकाची संख्या कमी करणें हा एकच उपाय होता. आणि संकल्पाचे एकवीस देवापुढें ठेवून बाकीच्यांच्या पानांत नाचणीची भाकरी वाढणें, हें कित्येक घरांना नवीन नव्हतें.

कायद्यांनीं पुढें हळूहळू गांठी सोडविल्या. खोती नष्ट करण्याचें बिल डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें होतें. ती प्रत्यक्ष गेली १९४९ च्या कायद्यानें. सावकारी नियंत्रणाचा कायदा १९४६ चा. मग १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा शेवटचा मोठा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना गिरणी पुनः दिसली नाहीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली, तेव्हां भाद्रपदांत तिच्यांत उभें राहण्यास जागा नसे. पण त्या गर्दींत गिरणीचा पगार खिशांत असलेले थोडेच. कुपनाची जुनी मनीऑर्डरही १९१५ च्या नव्हे, २०१५ च्या सुमारास बंद झाली. शंभराहून अधिक वर्षें तिनें जिल्हा पोसला.

या सगळ्या काळांत खर्च आंवरण्याची एक घरगुती युक्ति मात्र टिकून राहिली. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, शेतें वांटलीं गेलीं. गणपति मात्र कित्येक भावक्यांनीं वांटला नाहीं. मूळ घरांत एकच मूर्ति बसवावयाची आणि तिचा खर्च पाळीनें करावयाचा. यंदा थोरल्याची पाळी, पुढच्या वर्षीं मधल्याची. चार भावांत पाळी चौथ्या वर्षीं येते. तीन वर्षें हात राखून ठेवावयास मिळतात, आणि ज्याची पाळी असेल त्याचा पगार खाडे पडून तुटला असला तर दुसरा भाऊ आपली पाळी अलीकडे घेतो. पाळीचा क्रम मूळ घरच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतो. कोणी विचारिलें तर कोणत्या वर्षीं कोणाऐवजीं कोणी केलें, हें त्यांना सांगतां येतें. परंतु तें चार माणसांत सांगत नाहींत.