हिकरीचे दांडे आणि दिल्लीचा गंज

नवी दिल्लीचे उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. त्याच सुमारास, हुमायूनच्या मकबऱ्यापासून जवळच, जुनी थडगी आणि काटेरी झुडपे यांच्या रानात नव्या राजधानीसाठी गोल्फचे एक मैदान सिद्ध झाले. आरंभी ते लोधी गोल्फ क्लब या नावाने ओळखले जाई. १९५० साली त्याचा दिल्ली गोल्फ क्लब झाला. लाल बंगल्यासारख्या मोगल वास्तू आजही त्या हिरवळीच्या शेजारी उभ्या आहेत. योगायोग असा की, ज्या काठ्यांनी हा खेळ कित्येक पिढ्या खेळला गेला, त्यांचे आयुष्य नेमके तेव्हाच संपत आले होते. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने १९२९ साली पोलादी दांड्यांना मान्यता दिली. दुसऱ्याच वर्षी बॉबी जोन्सने त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा लाकडी दांड्यांनी जिंकल्या खऱ्या; परंतु थोड्याच वर्षांत असे दांडे माळ्यावर आणि अडगळीच्या खोलीत जाऊन पडले.

या काठीची घडण साधी, पण मोठ्या कौशल्याची. दांडा हिकरीच्या लाकडाचा. हे लाकूड अमेरिकेतून येई. ते चिवट असते, वाकते पण सहजी मोडत नाही. खाली घडीव लोखंडाचे पाते असून त्याला जोडूनच एक पोकळ नळी असे. दांड्याचे निमुळते टोक या नळीत बसवून आडवी खीळ ठोकीत आणि सांध्यावर राळ लावलेला दोरा घट्ट गुंडाळीत. पात्याच्या पाठीवर लोहाराची खूण असे. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्ट्यूअर्टची खूण धूम्रपानाचा पाइप, काँडीची गुलाबाचे फूल, तर लेव्हन गावच्या निकोलची हाताचा पंजा. काठी कोणाच्या भट्टीतून उतरली याची ती जणू साक्षच.

हे लोखंड गंजण्याला दिल्लीचे हवामान चांगलाच हातभार लावते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड झपाट्याने गंजू लागते. वैशाखातील कोरडी लू त्याला फारसे काही करीत नाही. परंतु श्रावण-भाद्रपदातील दमट हवा आणि पौषातील धुके त्याला सोडीत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा हवेपुढे उघडे पडते.

न गंजणाऱ्या पोलादाची आणि क्रोमचा मुलामा दिलेली पाती प्रचारात येईपर्यंत यावर एकच उपाय होता. खेळ संपला की काठ्या वाहणारा कॅडी एमरीच्या फडक्याने पाती घासून लख्ख करी. हिंदुस्थानात हे काम येथल्याच पोरांच्या वाट्याला आले. पाते चकाकले की साहेब प्रसन्न. पण प्रत्येक घासणीबरोबर लोखंडाचा एक सूक्ष्म थर निघून जाई आणि त्याबरोबर पाइप, गुलाब, पंजा हळूहळू पुसट होत. आपल्याकडील शिकलगारांना हा धोका पुरेपूर ठाऊक होता. खंडेनवमीला पूजेसाठी हत्यारे उजळीत, तेही बेताने. कारण उत्तम पोलादी पात्यावरची जौहराची लहर अति घासल्याने नाहीशी होते, आणि मग तलवार चकाकते खरी, पण तिचे कूळ ओळखू येत नाही.

सगळाच गंज वैरी नसतो, याचा सर्वांत मोठा पुरावा या मैदानापासून काही मैल दक्षिणेला, मेहरौलीत उभा आहे. कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ सुमारे सात मीटर उंच असून त्याचे वजन सहा टनांहून अधिक आहे. त्यावरील लेखातला चंद्र राजा म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. ह्या स्तंभाला गंज चढलाच नाही, ही समजूत खरी नाही. तो चढला, परंतु थांबला. रॉबर्ट हॅडफील्डने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात फॉस्फरसचे प्रमाण ०·११४ टक्के आढळले. आजचे पोलाद करणारे कारखाने हाच फॉस्फरस दोष मानून काढून टाकतात. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखविले की, त्याच फॉस्फरसामुळे स्तंभावर एक पातळ, घट्ट आवरण तयार झाले आणि त्यानेच आतील धातू राखला. सोळा शतकांत त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकीही जेमतेम झाली. लोक स्तंभाला पाठ लावून मागे हातांची मिठी घालू लागले आणि तेवढा भाग घासला जाऊ लागला, म्हणून १९९७ साली भोवती कुंपण घालावे लागले. जे काम पावसाला जमले नाही, ते भाविक हातांनी आरंभिले होते!

गोल्फच्या पात्याचे लोखंड त्या प्रतीचे नव्हे. त्याला आपण होऊन असे कवच चढत नाही. तरीही त्यावरचे डाग दोन प्रकारचे असतात, आणि सफाई करणाराने हा भेद आधी ओळखला पाहिजे. बोटाला तांबडी भुकटी लागते तो जिवंत गंज. तो काढलाच पाहिजे. गडद तपकिरी, गुळगुळीत आणि बोटाला न लागणारा थर हा वयाचा रंग. त्याला हात लावण्याचे कारण नाही. तांबड्या गंजावर रॉकेलचे फडके रात्रभर गुंडाळून ठेवावे आणि सकाळी अगदी बारीक पोलादी लोकरीने, जोर न लावता, तो पुसून घ्यावा. चिंच, लिंबू, शिरका यांनी गंज लवकर निघतो हे खरे. परंतु आम्ल नळीत उतरले की आत, डोळ्यांआड, लोखंड खात बसते. पाण्यात काठी बुडविणे तर त्याहून घातक, कारण हिकरी फुगते आणि वाळल्यावर आकसून नळीत सैल होते. विस्तवाजवळ नेल्यास दोऱ्यावरची राळ विरघळते. दांड्याला जवसाच्या तेलाचा, तोही अगदी पातळ, हात पुरतो.

रॉकेलने मऊ झालेला गंज उतरू लागला की कधी पाइपाची नळी, कधी गुलाबाची पाकळी वर येते. कधी मात्र पाठीवर काहीच उरलेले नसते. बोटाला जाणवावा इतकाच एक गुळगुळीत, किंचित खोलगट भाग सापडतो. लोहाराचे नाव तेथून गेलेले असते. ज्याने ते घासून नेले त्या पोराचे नाव तर कधी कोरलेच गेले नव्हते. त्याच्या हाताची नोंद म्हणून एवढा खळगा तेवढा आहे. असे पाते पुन्हा घासू नये. कोरड्या फडक्याने पुसून, मेणाचा पातळ थर देऊन, धुक्याचे दिवस येण्यापूर्वी ते कोरड्या जागी ठेवावे.