शिक्का आणि मोर्तब

एखादी गोष्ट कायमची ठरली म्हणजे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले, असे आपण म्हणतो. हे दोन शब्द बोलण्यात इतके एकजीव झाले आहेत की, ते मुळात दोन निराळ्या कामांचे होते याचा आपल्याला विसर पडला आहे. शिवकालीन पत्र पाहावे. आरंभी राजमुद्रा असते. हे पत्र कोणाचे, एवढे ती सांगते. मजकूर जेथे संपतो तेथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहानशी मुद्रा असते. पत्राची मर्यादा येथे झाली. यापुढे कोणी दोन ओळी घुसडल्या तर त्या खोट्या, असा तिचा अर्थ. पहिली मुद्रा ओळख देते, दुसरी राखण करते. याखेरीज तिसरी एक सोय होती. कागद दफ्तरात नोंदला जाई आणि त्यावर ‘रुजू’, ‘बार’ असे शेरे पडत. ज्याला शंका येईल त्याने दफ्तराशी रुजवात घालावी.

ओळख, राखण आणि रुजवात ही तीन कामे ध्यानात ठेवली, म्हणजे आजच्या व्यापाऱ्याला पडलेला एक प्रश्न पुष्कळसा सुटा होतो. पनवेलचा एखादा दुकानदार आपले मसाले किंवा कापड इंटरनेटवर विकू लागला की, त्याच्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणतो, तुमच्या संकेतस्थळावर मी पहारा ठेवतो. घातक मागण्या दारातच अडवतो, कोणी आत काही पेरले आहे का ते तपासतो. दुसरा म्हणतो, मी तुम्हांला ‘सुरक्षित’ असा बिल्ला देतो. तो पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होईल. गाठीचे पैसे एकापुरतेच असतात. मग घ्यावे काय?

दूरच्या माणसाशी व्यवहार करणे पनवेलला नवे नाही. घाटावरचा माल बोरघाट उतरून येथल्या बंदरावर यावा आणि खाडीतून मुंबईस जावा, हा जुना क्रम होता. पुढे १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे श्री धूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढला. परगावच्या रोग्याने ना वैद्य पाहिलेला, ना खल. त्याला आधार नावाचाच. हे नाव काही विकत आणलेले नव्हते. औषधाने ते कमावले. १८७७ साली टपालखात्याची व्ही. पी. सुरू झाली, तेव्हा पाकीट हाती आल्याखेरीज पैसे मोजायचे नाहीत अशी सोय झाली. येथे विश्वासाचे ओझे गिऱ्हाइकावरून थोडे उतरले, एवढे खरे.

त्याहून जुनी हुंडी पाहा. तिच्यात रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि शिवाय ‘निमे इतके, त्यांची दुप्पट’ असे लिहून पक्की करीत. हे झाले मोर्तब. खाडाखोड करणाऱ्याचा हात त्याने बांधला जाई. शाहजोग हुंडीचे पैसे पत असलेल्या शहालाच मिळत, आणि ती पुढे खोटी किंवा चोरीची निघाली तर त्या शहाला ते व्याजासह परत करावे लागत. त्याच्या नावाला बाजारात किंमत होती, ती याच कारणाने. खोटे ठरल्यास ज्याच्या खिशाला झळ लागते, त्याचीच ग्वाही खरी.

आता इंटरनेटवरील बिल्ल्यांची कथा ऐकावी. अमेरिकेत १९९७ साली ट्रस्टई नावाची संस्था निघाली. गिऱ्हाइकाची खासगी माहिती नीट राखणाऱ्या स्थळांना ती बिल्ला देई. बेंजामिन एडेलमन या अभ्यासकाने २००६ साली दाखवून दिले की, हा बिल्ला लावलेली स्थळे अविश्वसनीय निघण्याचा संभव बिल्ला नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता. कारण उघड आहे. ज्याला आपल्या नावाचा भरवसा नाही, त्यालाच उसन्या ग्वाहीची गरज जास्त. आणि देणारा चौकशीत ढिला असला की असेच लोक रांगेत पुढे येतात. एडेलमन यांच्याच अभ्यासात, अधिक काटेकोर तपासणी करणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेचे बिल्ले थोडे बरे ठरले होते. तेव्हा दोष बिल्ल्याचा नाही, तपासणीचा आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४ साली ट्रस्टईवर ठपका ठेवला तो हाच: २००६ ते २०१३ या काळात हजारावर वेळा वार्षिक फेरतपासणी झालीच नव्हती. त्याआधी २०१० साली कंट्रोलस्कॅन या कंपनीचे प्रकरण झाले. तिच्या बिल्ल्यावर रोज त्या त्या दिवसाची तारीख झळके. तपासणी मात्र रोज होत नसे.

कुलपाच्या चिन्हाचेही तसेच. ते एवढेच सांगे की, गिऱ्हाईक आणि स्थळ यांमधला मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. वाट सुरक्षित झाली, दुकान नव्हे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ पासून फुकट मिळू लागले. हे चांगलेच झाले, पण ते भामट्यांनाही मिळू लागले. शेवटी गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते कुलूप २०२३ साली काढून टाकले. ब्रिटिश एअरवेजच्या स्थळावर २०१८ साली चोरांनी पैसे भरण्याच्या पानातच आपला कोड पेरला आणि लाखो ग्राहकांची माहिती नेली. वाटेवर कडेकोट बंदोबस्त होता. चोर घरात बसला होता.

माझे मत सांगतो. आधी मोर्तब, मग शिक्का. स्थळाची आज्ञावली वेळच्या वेळी अद्ययावत करावी. चालकाच्या खात्याला पासवर्डाबरोबर दुसरी खूण ठेवावी. सगळ्या हिशेबाची प्रत दुसरीकडे जपावी. याला पैसा थोडा आणि शिस्त फार लागते. त्यानंतर पहाऱ्याची सेवा घ्यावी, पण ती काय अडवते आणि घात झाल्यास दुरुस्ती कोण करते, हे आधी लिहून घ्यावे. जे राखता येणार नाही ते जवळ ठेवूच नये. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचे क्रमांक साठवण्यास मनाई केली, ती याच शहाणपणाने.

आणि बिल्ला? नवख्या दुकानाला त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारीत नाही. परंतु तो घेताना दोन प्रश्न विचारावेत. त्यावर बोट दाबले तर देणाऱ्याच्या दफ्तरात आपली नोंद उघडते का? आणि ग्वाही खोटी ठरली तर देणाऱ्याचे काय जाते? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘काही नाही’ असे आले, तर ते नुसते चित्र समजावे. कोणीही उचलून आपल्या पानावर चिकटवावे असे.

ही चर्चा दुकानदारापुरती नाही. आपल्यापैकी जो तेथे मागणी नोंदवतो, त्याचे नाव, घरचा पत्ता आणि फोनचा क्रमांक त्या दुकानात ठेव म्हणून राहतो. पैसे गेले तर क्वचित परत मिळतात. ही ठेव एकदा बाहेर गेली की ती परत आणण्याचा उपाय नाही. ठेव सांभाळणे हा व्यापाऱ्याचा जुना धर्म आहे, आणि ती कशी सांभाळली आहे हे विचारणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.