पोटाभोवतीची चरबी आणि गर्भाशयाचा कर्करोग

पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागले, तर आपल्याकडे ती काय करते? पुष्कळदा गप्प बसते. "या वयात हे कुणाला सांगायचं?" म्हणते. हा संकोच किती महाग पडू शकतो, हे समजण्यासाठी वैद्यकाच्या इतिहासाची चार पाने चाळू या.

गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. या अस्तराचा कर्करोग झालेल्या बायकांत स्थूलपणा, मधुमेह आणि रक्तदाब वारंवार दिसतो, हा डॉक्टरांचा जुना अनुभव. पण साखरेचा आणि गर्भाशयाचा संबंध काय, हे कोडेच होते.

इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक हे अस्तर वाढवते आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालते. पाळी गेली की बीजकोशांतून येणारी ही दोन्ही संप्रेरके जवळजवळ थांबतात. मग इस्ट्रोजेन येते कोठून? १९७० च्या दशकात अमेरिकेतील सिटेरी आणि मॅकडोनाल्ड यांच्या संशोधनाने उत्तर दिले: चरबीतून! मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतला एक स्राव चरबीत जाऊन त्याचे इस्ट्रोजेन बनते. चरबी जास्त, तितके इस्ट्रोजेन जास्त; आणि लगाम घालणारे कोणी नाही. पाटाचे पाणी सोडले आणि दारे धरायला माणूसच नाही, अशी गत होते.

१९७५ साली अमेरिकेतच दोन अभ्यास एकदम प्रसिद्ध झाले. पाळी गेल्यावर नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा कर्करोग कित्येक पटींनी अधिक आढळला. संशय पक्का झाला. १९८३ साली लेनिनग्राडचे डॉक्टर बोखमन यांनी या रोगाचे दोन प्रकार दाखवले. एक स्थूलपणा व मधुमेहाच्या सोबतीने येणारा, दुसरा त्यांच्यावाचून येणारा. तेव्हा सडपातळ बाईनेही निर्धास्त राहू नये.

पुढे १९८८ साली अमेरिकेचे डॉक्टर रीव्हन यांनी मांडले की, वाढलेली साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबीचा बिघाड यांचे मूळ एकच: शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. मग शरीर इन्शुलिन अधिक तयार करते, आणि तेही पेशींच्या वाढीला चिथावते. पोटाचा घेर धरून या साऱ्या दोषांच्या जुडग्याला आज 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात.

"मी कुठं लठ्ठ आहे?" असे कोणी म्हणेल. पुण्याचे डॉक्टर याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त! म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही कामाची. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, चालणे वाढवावे.

आणि शिक्षकांनो, एक गोष्ट गावात आवर्जून सांगा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग दिसला, तरी डॉक्टरांकडे जायचे. दर वेळी तो कर्करोग असतोच असे नाही, बहुधा नसतोच. पण असला, तर हा रोग बहुतेक वेळा लवकर दार वाजवतो, आणि तेव्हाच शस्त्रक्रिया केली, तर पुष्कळ बायका पूर्ण बऱ्या होतात. दार वाजले, की उघडायला हवे.