एका सुरात : कार्ल्याच्या खोऱ्यातल्या सामूहिक गाण्याचा मागोवा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा आणि कन्व्हेयन्सचा इतिहास जाणकार मंडळी लिहितीलच. मी सोसायटीच्या भजनी मंडळात टाळ धरतो, म्हणून मला गाण्याचा इतिहास लिहावासा वाटला. त्याला निमित्तही आहे. मंडळाच्या कपाटात टाळांचे अकरा जोड आहेत, पण वाजवणारे उरलेत सहा जण. मागच्या सर्वसाधारण सभेत 'गणपतीत आरती-भजन स्पीकरवर लावू या' अशी सूचना आली. ती चुकीच्या हेतूने आली नव्हती. "आम्हाला गाता येत नाही हो," असं आपल्यातले बरेच जण मनापासून म्हणतात. या खोऱ्याचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

आपल्या गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगरातलं चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. लांबी १२० फुटांहून जास्त, उंची ४५ फुटांच्या आसपास आणि छताला मूळच्या लाकडी कमानी. तिथल्या शिलालेखांत या जागेचं नाव 'वलूरक' असं येतं. बौद्ध परंपरेत वचनं लिहून ठेवण्याआधी ती एकत्र म्हणून जपली जात. म्हणूनच भिक्षूंच्या महासभेला 'संगीती' म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणणं. त्यात एकाच्या गळ्याची परीक्षा नव्हती. एकाला शब्द आठवला नाही तर शेजाऱ्याने सावरायचं, ही सोय होती. आज त्याच चैत्यासमोर एकवीरा आई आहे आणि चैत्री यात्रेत कोळी-आगरी बांधव वाजतगाजत पालखी घेऊन येतात. एकत्र गाण्यात इथे खंड पडलाय असं मला वाटत नाही.

आपल्या गावाजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. परंपरेप्रमाणे तुकोबांचे चौदा टाळकरी होते. त्यांतले संताजी जगनाडे तेल्याचा व्यवसाय करणारे. त्यांची समाधी आपल्याच मावळात, सुदुंबऱ्याला आहे. गंगाराम मवाळ कडूसचे. अभंग लिहून ठेवणारे म्हणून दोघांची नावं घेतली जातात, पण कीर्तनातलं त्यांचं काम मागे उभं राहून ध्रुपद धरण्याचं. बुवा अभंगाचं चरण उलगडतात, टाळकरी ध्रुपद उचलतात, तेवढ्यात बुवांना श्वास मिळतो आणि पुढचा विचार सुचतो. टाळकरी ढिले पडले तर चांगल्यातला चांगला बुवाही उघडा पडतो.

१६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी देहूहून पालखी सोहळा सुरू केला. पुढे आळंदीच्या सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावली. दिंडीत विणेकरी, पखवाजवाला आणि टाळकरी यांच्या जागा ठरलेल्या असतात. हजारो माणसं उन्हापावसात चालत गातात आणि तरी चाल तुटत नाही, ती या व्यवस्थेमुळे. १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. जे कानावर पडून शिकलं जायचं, त्याला तिथे रीतसर शाळा मिळाली. आपल्यातले जे गिरणगावातून इकडे आले, त्यांना चाळीतली भजनी मंडळं आठवत असतील. दिवसभर साच्यांच्या आवाजात काम करणारी माणसं रात्री एका पट्टीत गायची.

साता समुद्रापलीकडेही असंच आहे. अमेरिकेत चौघांनी वाद्याशिवाय गायची 'बार्बरशॉप' नावाची पद्धत आहे. तिची मुळं बरीचशी तिथल्या कृष्णवर्णीय समाजात आहेत. १९३८ मध्ये टल्सा शहरात काही हौशी मंडळींनी ती टिकवण्यासाठी संस्था काढली. त्यांचे चार आवाज चार वेगळ्या सुरांत असतात, आपले सगळे एकाच सुरात. पण त्यांचा पहिला धडा आपल्याला चालेल. चौघांचा 'आ' एकसारखा उघडला तरच सूर जुळतात आणि मग कोणीच न गायलेला एक वरचा सूर खोलीत घुमू लागतो.

आपल्या मंडळात इतक्या वर्षांत जे उपयोगी पडलं, ते इथे लिहून ठेवतो.

पट्टी आधी ठरवा. पुरुषांना काळी एक-दोन सोयीची, बायकांना काळी चार-पाच. एकच पट्टी धरली की कोणीतरी ओरडतं किंवा कोणाचा तरी आवाज गुदमरतो. म्हणून एक अभंग बायकांच्या पट्टीत, पुढचा पुरुषांच्या, बाकीच्यांनी हलक्या आवाजात साथ करायची.

शेजारचा ऐकू येईल इतक्याच आवाजात गा. तो ऐकू येत नसेल तर आपला आवाज जास्त आहे.

सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नका. शेजाऱ्याचा श्वास झाला की आपण घ्यावा, म्हणजे ओळ मध्येच तुटत नाही.

टाळ हळू धरा आणि लय पखवाजावर सोडा. उत्साहात लय चढते, शेवटच्या गजराला धाप लागते आणि शब्द पुसट होतात.

नवीन माणसाने पहिले दोन महिने फक्त ध्रुपद म्हणावं. तेवढ्यात कान तयार होतो.

यातल्या एकाही गोष्टीला 'गाता गळा' लागत नाही. स्पीकर सूर चुकत नाही, हे खरं. पण तो शेजारच्याचं ऐकत नाही आणि कोणाला श्वास घ्यायला उसंतही देत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज अलीकडे थकलाय. त्या मध्येच थांबतात तेव्हा उरलेले पाच जण ओळ पुढे नेतात आणि ध्रुपदाला त्या पुन्हा येऊन मिळतात. सहाचे चार झालो तर हे जमणार नाही.

दर एकादशीला संध्याकाळी साडेसातला आपण क्लब हाऊसमध्ये बसतो. मुलांनाही घेऊन या. टाळांचे पाच जोड रिकामे आहेत आणि ते आपल्या सगळ्यांच्या वर्गणीतूनच घेतलेले आहेत.