सेलबर्नची रोजनिशी

इंग्लंडमधील सेलबर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहत. १७६८ पासून १७९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी रोजच्या नोंदी ठेवल्या. डेन्स बॅरिंग्टन यांनी आखलेल्या छापील तक्त्यात तापमान, वायुभार, वारा आणि पाऊस यांचे रकाने होते. उरलेल्या जागेत व्हाइट बागेतल्या काकड्या, गावातल्या घडामोडी आणि टिमथी या पाळीव कासवाची झोप-जाग लिहीत. (टिमथी मादी होती, हे व्हाइट यांच्या पश्चात कळले!)

असल्या किरकोळ नोंदींचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना १७८३ चा उन्हाळा दाखवावा. २३ जून ते २० जुलै या काळात हवेत विचित्र कोरडे धुके होते. भर दुपारी सूर्य फिकट दिसे, तर उगवता-मावळताना रक्तासारखा लाल. आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र वाऱ्याची नोंद. या दिवसांत वारा सर्व दिशांनी वाहिला, तरी धुके हटले नाही. म्हणजे हा जवळपासच्या कुठल्या आगीचा धूर नव्हता. धुके दूरवर पसरलेले असले पाहिजे.

८ जूनला आइसलंडमध्ये लाकी येथे जमिनीला भेगा पडून लाव्हा उसळू लागला होता. उद्रेक आठ महिने चालला आणि सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळला. व्हाइट यांना याचा पत्ता नव्हता. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीवर संशय घेतला. धुके युरोपात कोणत्या दिवशी कुठे पोहोचले, हे संशोधकांनी पुढे अशाच रोजनिश्यांवरून ठरवले.