जाड भिंगाचा चष्मा कुठे गेला?

आपल्या लहानपणी मोतीबिंदू काढलेले आजोबा जाड भिंगाच्या चष्म्यावरून लगेच ओळखू यायचे. डोळ्यातले भिंगच काढल्यामुळे साधारण १० नंबरचा चष्मा लागे. तो फुटला की पुन्हा सगळे धूसर.

खरे तर उपाय आपल्या जन्माआधीच सापडला होता. महायुद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण डोळा सहन करतो, हे लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी पाहिले. तशाच प्लास्टिकचे भिंग त्यांनी १९४९ साली रुग्णाच्या डोळ्यात बसवले. नामवंत नेत्रतज्ज्ञांनी कडाडून विरोध केला. सर्वमान्यतेला तीसेक वर्षे लागली. आपल्याकडे पुढचा अडसर होता किमतीचा. परदेशी भिंग गरिबाला परवडत नसे. १९९२मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने देशातच स्वस्त भिंगे बनवायला घेतली.

एम.एस.च्या तीन वर्षांत मी भिंग काढायला शिकलो. बसवायला नंतर, नोकरीत असताना. आज माझे रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. आपल्यापैकीही काहींच्या डोळ्यांत आता ते भिंग आहे. सांगितल्याशिवाय कुणाला कळायचे नाही.